शिरोळच्या पुढे गेलेले पैसे

रेल्वेचे तिकीट रद्द केले की पैसे परत येतात. अडकलेल्या रिचार्जचे पैसेही दोन-चार दिवसांत खात्यात दिसतात. मग ऑनलाइन कॅसिनोत दोन लाख घालवून बसलेला माणूस कोल्हापूरच्या राजारामपुरीत आपल्या बँकेच्या काउंटरपाशी उभा राहतो, तेव्हा त्याचा प्रश्न अगदी सरळ असतो. पैसे घेणाऱ्याचे नाव मोबाइलमध्ये दिसते आहे. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक दिसतो आहे. सगळा पत्ता हाताशी असताना बँक ते पैसे माघारी का ओढून घेत नाही?

काउंटरपलीकडून उत्तर येते, "१९३० ला फोन लावा." फोन लावायचाच आहे. पण त्या फोनने नेमके काय हलते, आणि तो आज दुपारी लावला काय नि आठ दिवसांनी लावला काय, यात जमीन-अस्मानाचा फरक का पडतो, हे सहसा कोणी उलगडून सांगत नाही. कोल्हापूरकराला ते सांगणे तसे सोपे आहे. असा सगळा कारभार पंचगंगेवर दरवर्षी त्याच्या डोळ्यांसमोर चालतो.

कॅसिनो की नुसता पडदा?

आधी पैसे जातात कसे ते पाहू.

पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर परवानाधारक कॅसिनो चालतात. त्या धंद्याला कमाईसाठी लबाडीची गरज नसते. रुलेटच्या युरोपीय चाकावर शून्य ते छत्तीस असे ३७ खण असतात. एका आकड्यावर शंभर रुपये लावले आणि तो आला, तर ३५ पट मिळतात आणि लावलेले शंभर परत येतात. आता समजा, ३७ डाव झाले आणि प्रत्येक आकडा एकेकदा आला. तुम्ही लावले ३,७००, हाती आले ३,६००. शंभराला २ रुपये ७० पैसे कॅसिनोचे. खेळणारा जितका जास्त वेळ बसेल, तितका हा हिशेब त्याच्या खिशात खोल उतरतो.

बनावट ऑनलाइन कॅसिनोला एवढाही धीर नसतो. तिथे चाक नाही, पत्ते नाहीत. आहे तो एक पडदा आणि मागे बसून हवे तसे बदलता येणारे आकडे. तुमच्या नावापुढे दिसणारे पंधरा लाख वीस हजार म्हणजे खडूने फळ्यावर लिहिलेला आकडा.

क्रम बहुधा असा असतो. इन्स्टाग्रामवर रील दिसते, तिथून टेलिग्रामच्या ग्रुपवर नेले जाते. पाचशे रुपये बोनस मिळतो. पहिले दोन हजार भरता, अडीच हजार होतात, काढायला जाता आणि ते खरोखर खात्यात येतात. इथेच माणूस फसतो. मग रक्कम वाढते, आणि मोठी रक्कम काढायची वेळ आली की अटी उगवायला लागतात. आधी 'टर्नओव्हर पूर्ण करा', म्हणजे जिंकलेले पैसे पुन्हा इतक्या वेळा खेळून दाखवा. मग तीस टक्के टीडीएस आगाऊ भरा. मग पडताळणीची अनामत भरा.

टीडीएसचे सोंग चटकन ओळखता येते. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकण्यावर ३० टक्के करकपातीचा नियम आला खरा, पण नावातच आहे तशी ती कपात आहे. देणारा कापून घेऊन उरलेले देतो. जिंकणाऱ्याने आधी खिशातून भरायचा टीडीएस आयकर खात्याच्या कुठल्याच पुस्तकात नाही.

आपल्याकडच्या मटक्याच्या बुकीशी याची तुलना करण्याचा मोह होतो. मटक्याने घरे बुडवली, यात वाद नाही. पण आकडा लागला तर गल्लीतला बुकी पैसे पोचते करायचा, कारण दुसऱ्या दिवशी त्याला त्याच पानपट्टीपाशी उभे राहायचे असायचे. टेलिग्रामवरच्या 'मॅनेजर'ला कुठेच उभे राहायचे नसते.

रक्कम किती चढू शकते, याचे उदाहरण नागपूरचे. जुलै २०२३ मध्ये तिथल्या एका व्यापाऱ्याने पोलिसांत तक्रार दिली. गोंदियाच्या एका बुकीने व्हॉट्सॲपवर जुगाराची लिंक पाठवली, खात्यात आठ लाख जमा दिसले, खेळ सुरू झाला. तक्रारीनुसार हा व्यापारी सुमारे ५ कोटी जिंकला आणि ५८ कोटी हरला. पोलिसांनी गोंदियात छापा घातला, तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी मोजावे असे सोने सापडले. व्यापारी माणूस, आकड्यांशी रोजचा संबंध, तरी ५८ कोटी होईपर्यंत का थांबला नाही, असे आपण सहज म्हणतो. मला त्याचे उत्तर अधूनमधून होणाऱ्या त्या जिंकण्यात दिसते. आणि ज्याला पडद्यावर जिंकताना दिसते, तो तक्रार कशाला करील?

बनावट कॅसिनोचे हेच वेगळेपण आहे. ओटीपी सांगून पैसे गेलेल्या माणसाला पाच मिनिटांत कळते की आपण लुटलो गेलो. कॅसिनोतल्या माणसाला मात्र आठवडेच्या आठवडे वाटत राहते की पैसे वॉलेटमध्ये सुरक्षित आहेत, नुसते काढायचे राहिलेत. पडद्यावरचा आकडा लोभासाठी असतोच, पण त्याचे मोठे काम वेळ काढण्याचे आहे. टर्नओव्हर, टीडीएस, अनामत, 'सोमवारी या' ही सगळी त्याच कामाची हत्यारे. तेवढ्या वेळात पैसा कुठे जातो ते आता बघू.

प्रयाग चिखली ते नृसिंहवाडी

प्रयाग चिखलीला कासारी, भोगावती अशा नद्या एकत्र येतात आणि तिथून पंचगंगा म्हणून पुढे निघतात. तसे आपले बचत खाते. पगार, दुधाचे बिल, उसाचा हप्ता, पोराच्या शिक्षणासाठी साठवलेले, सगळे एका जागी येते. तिथून नदी खाली निघते: राजाराम बंधारा, मग सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. पावसाळ्यात पाणी चढले की बातम्यांत ही नावे याच ओळीने येतात. पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि तिथून पाणी कर्नाटकात आलमट्टीकडे जाते.

कॅसिनोला भरलेले पैसे कॅसिनोच्या नावावरच्या खात्यात जात नाहीत. ते जातात कुणा तिसऱ्याच माणसाच्या खात्यात. पोलिसांच्या भाषेत हे 'म्यूल' खाते. म्यूल म्हणजे खेचर, दुसऱ्याचे ओझे वाहणारे. परगावचा विद्यार्थी, काम सुटलेला कामगार, कधी गावातला साधा दुकानदार थोड्या पैशांच्या मोबदल्यात आपले पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेले सिम कुणाच्या तरी हवाली करतो. 'फक्त वापरायला दिले होते' असे तो नंतर सांगतो, पण गुन्ह्यात पहिले नाव त्याचेच येते.

या पहिल्या खात्यात पैसा फार वेळ टिकत नाही. दोन लाखांचे पन्नास-पन्नास हजार होऊन चार खात्यांत जातात, तिथून दहा खात्यांत. प्रत्येक पायरी म्हणजे एक बंधारा. शेवटी कुठे एटीएममधून रोकड निघते, कुठे सोने घेतले जाते, कुठे अमेरिकी डॉलरशी भाव बांधलेले कूटचलन घेऊन रक्कम देशाबाहेर जाते, कुठे हवालावाल्याच्या हाती पडते. ही झाली नृसिंहवाडी. तिथून पुढे आपल्या बँका आणि आपले पोलीस यांचा हात पोचणे फार अवघड.

चेकच्या जमान्यात हे होत नव्हते. चेक वटायला दिवस लागायचे आणि मधल्या काळात बँकेत जाऊन तो थांबवता यायचा. २०१० साली आयएमपीएस आले, २०१६ साली यूपीआय आले, आणि पैसा दुसऱ्याच्या खात्यात काही सेकंदांत, कायमचा पोचू लागला. भाजीवाल्याला त्याचे वीस रुपये जागेवर मिळतात ते याच सोयीने, आणि लुटारूला दोन लाख मिळतात तेही याच सोयीने.

मग बँक ते माघारी का ओढत नाही? कारण समोरच्या खात्यातला पैसा कायद्याने समोरच्याचा झालेला असतो. शिवाय दहाव्या खात्यातला माणूस खरोखर निर्दोष असू शकतो. समजा, लुटीच्या पैशातून कुणी गुजरीत येऊन अंगठी घेतली. त्या सराफाच्या खात्यातून बँकेने आपल्या मर्जीने रक्कम काढून घेतली, तर ती दुसरी लूट ठरेल. बँकेला ओढता येत नाही, पण सांगितले तर रोखून धरता येते.

बरगे टाकणे

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा शाळेच्या पुस्तकातही असतो. नदीत खांब उभे, खांबांना खाचा. पावसाळा संपला की खाचांत बरगे सरकवून पाणी अडवायचे, पावसाळ्याआधी काढून घ्यायचे. बरगे वेळेवर बसले तर पाणी थांबते. पाणी वाहून गेल्यावर बसवले, तर बंधारा कोरडाच राहतो.

१९३० हा क्रमांक म्हणजे बरगे टाकण्याचा हुकूम. २०२१ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा क्रमांक १५५२६० होता, पुढे तो १९३० झाला. फोनवरचा पोलीस कर्मचारी तुमच्या व्यवहाराचे तपशील संगणकावर भरतो. ती नोंद पैसे ज्या बँकेत गेले तिच्याकडे लगेच पोचते. बँक खाते उघडून बघते. रक्कम तिथेच असेल तर तेवढ्या रकमेवर 'होल्ड' लावते, म्हणजे पैसे खात्यात दिसतात पण हलवता येत नाहीत. रक्कम पुढे गेलेली असेल तर ती कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यात गेली, ते बँक नोंदवते, आणि तीच नोंद त्या पुढच्या बँकेकडे धावते. राजारामला पाणी सापडले नाही तर सुर्वेला बघा, तिथे नाही तर रुईला. पाण्यामागून हुकूम धावत असतो.

ही शर्यत आहे, आणि ती दर वेळी जिंकता येत नाही. केंद्र सरकारने २०२५ च्या मध्यास संसदेत दिलेल्या माहितीनुसार या यंत्रणेने तोवर १७ लाख ८२ हजारांहून अधिक तक्रारींत ५,४८९ कोटींहून अधिक रुपये वाचवले. भागाकार केला तर तक्रारीमागे तीस हजारांच्या आसपास पडतात. पण एकट्या २०२४ सालात सायबर फसवणुकीत देशभर गेलेली रक्कम सुमारे २२,८४५ कोटी होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की शिरोळच्या पुढे किती गेले ते दिसते.

कॅसिनोच्या तक्रारीत एक गोष्ट मात्र हाती असते, आणि तिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पैसे एका झटक्यात गेलेले नसतात, हप्त्याहप्त्याने गेलेले असतात. तीन महिन्यांपूर्वीचे पहिले दहा हजार कधीच समुद्राला मिळाले. पण काल रात्री 'अनामत' म्हणून भरलेले चाळीस हजार अजून तेरवाडच्या अलीकडे असू शकतात. तेव्हा 'एकूण अडीच लाख गेले' अशी मोघम तक्रार करू नये. प्रत्येक व्यवहार वेगळा सांगावा, आणि सांगताना सगळ्यात ताजा आधी.

चौकट : फोन लावण्याआधी

हाताशी हवे ते एवढेच: आपला खाते क्रमांक, बँकेचे नाव, प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, वेळ, रक्कम, आणि पैसे ज्या यूपीआय आयडीला गेले तो. ते गोळा करायला अर्धा दिवस घालवू नका, शेवटचे दोन व्यवहार मिळाले तरी फोन लावा.

फोननंतर मिळणाऱ्या क्रमांकावरून सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या केंद्राच्या पोर्टलवर तक्रार चोवीस तासांत पूर्ण करायची असते. पुढे पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवायचा. हद्दीचा वाद घालून कोणी परत पाठवले, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कोणत्याही ठाण्यात 'झीरो एफआयआर' नोंदवण्याची तरतूद आहे, हे सांगावे.

लाजेपोटी ॲप आणि चॅट पुसून टाकू नका. साइटचा पूर्ण पत्ता, टेलिग्रामवरची नावे, पैसे मागणारे संदेश यांचे तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या. लिंकवरून आलेली एपीके फाइल टाकली असेल, तर इंटरनेट बंद करून यूपीआयचा पिन आणि बँकेचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

'जुगार खेळलो, आता मलाच धरतील'

या धास्तीने किती तास वाया जातात याची मोजदाद कुठेच होत नाही. माझ्या मते तंत्रज्ञानापेक्षा हीच अडचण मोठी आहे. घरी सांगायचे कसे, भावकीत कळले तर काय, आणि पोलिसांसमोर जुगाराची कबुली द्यायची कशी?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा नवा कायदा संमत केला, त्याला २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे म्हणा वा नशिबाचे, त्याने बंद ठरवले. शिक्षा कोणाला? असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, पैशांची ने-आण करून देणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद. खेळणाऱ्यासाठी या कायद्यात शिक्षा नाही. सरकारची भूमिकाही त्याला पीडित मानण्याची आहे. शिवाय बनावट कॅसिनोची तक्रार मुळात फसवणुकीची असते. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड अशा प्रकरणांत लागते.

पण तक्रार लिहिताना एक चूक हमखास होते. लोक लिहितात, 'माझे पंधरा लाख अडकले आहेत.' पंधरा लाख हा फळ्यावरचा आकडा. पैजेत जिंकलेली रक्कम आपल्याकडे कोर्टातून वसूल करता येत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करारच निरर्थक आहे. मागायची ती आपण खरोखर भरलेली रक्कम. त्यातून त्यांनी परत दिलेली वजा करून नेमका आकडा द्यावा, म्हणजे पुढे कोर्टात तो टिकतो.

बँकेकडूनच भरपाई मिळेल का? रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाचा यासाठी दाखला दिला जातो. त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांसाठीही तसे परिपत्रक निघाले. ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणी खात्यातून पैसे काढले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार नाही, असे ते सांगते. पण हे आपल्या नकळत झालेल्या व्यवहारांपुरते आहे. कॅसिनोला पैसे भरताना पिन आपणच घातलेला असतो, त्यामुळे ही वाट बहुतेकांना बंदच असते. होल्ड लावण्यात बँकेने दिरंगाई केली असेल, तर मात्र बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथे फी लागत नाही.

अडवलेले पाणी कोणाचे?

होल्ड लागला म्हणजे पैसे मिळाले नव्हेत. ते दुसऱ्याच्या खात्यात नुसते अडून राहिलेले आहेत. ते आपल्याकडे वळवायला सहसा न्यायालयाचा आदेश लागतो. त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, आधीच्या संहितेत हेच कलम ४५७ होते. कोर्ट पोलिसांचा अहवाल मागवते, आणि समाधान झाले तर बँकेला रक्कम सोडायला सांगते. आपल्याकडे त्यासाठी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात खेटे घालावे लागतात. काही राज्यांत अशी प्रकरणे लोकअदालतीत एकत्र घेऊन निकाली काढली गेली. लहान रकमांना ती रीत सोयीची.

इथे एक पेच उभा राहतो. समजा, एका म्यूल खात्यात चाळीस जणांचे मिळून वीस लाख आले आणि होल्ड लागला तेव्हा उरले होते तीन लाख. हे कोणाचे? बंधाऱ्यात साठलेल्या पाण्यातले कासारीचे कुठले आणि भोगावतीचे कुठले, हे सांगण्यासारखेच ते आहे. म्हणून व्यवहाराची साखळी, कोणत्या मिनिटाला कोणती रक्कम कुठून कुठे गेली, ती कागदावर असणे फार कामी येते.

दुसरा पेच उलटा आहे. तुम्हाला सुरुवातीला मिळालेले ते अडीच हजार आठवतात? ते कॅसिनोने आपल्या तिजोरीतून दिलेले नसतात. दुसऱ्या कुणा फसलेल्याचे पैसे तुमच्याकडे वळवलेले असतात. त्याने १९३० ला फोन केला की पाण्यामागून धावणारा हुकूम तुमच्या खात्यापर्यंत येतो. पगाराच्या दिवशी कार्ड चालत नाही, चौकशी केल्यावर दुसऱ्याच कुठल्या राज्यातल्या पोलिसांचे पत्र निघते. अशा वेळी बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि वादातली नेमकी रक्कम लेखी घ्यावी. अडीच हजारांच्या वादापायी सगळे खाते गोठवले असेल, तर तेवढ्या रकमेपुरताच होल्ड ठेवा असा अर्ज तपास अधिकाऱ्याकडे करता येतो, आणि तिथे दाद लागली नाही तर उच्च न्यायालयात. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले आहे. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हेही त्याच्याच कक्षेत येतात.

तिसऱ्या आठवड्यातला फोन

तक्रार झाली, काही हालचाल दिसेना, आणि मग एक फोन येतो. बोलणारा कधी 'सायबर सेल'चा असतो, कधी 'रिझर्व्ह बँकेच्या रिकव्हरी विभागा'चा, कधी स्वतःला एथिकल हॅकर म्हणवतो. तो तुमचे नाव, कॅसिनोचे नाव आणि गमावलेली रक्कम अचूक सांगतो. पैसे सापडलेत, वॉलेट अनलॉक करायचे आहे, प्रोसेसिंगचे आठ हजार भरा.

ही माहिती त्याच्याकडे आली कशी? फसलेल्या लोकांच्या याद्या विकल्या जातात, आणि पुष्कळदा तर बोलणारा पहिल्याच टोळीतला असतो. एकदा पैसे भरलेला माणूस गेलेले परत मिळवायला पुन्हा भरेल, हा त्यांचा अनुभव आहे. म्हणून इंटरनेटवर हेल्पलाइनचा क्रमांक शोधू नये. तिथे पेरलेल्या बनावट क्रमांकांवर हीच मंडळी फोन उचलतात. १९३० हे चारच आकडे, पुढेमागे काही नाही. तक्रार नोंदवायला, होल्ड लावायला किंवा सोडवायला पोलीस यूपीआयवर फी घेत नाहीत, आणि रिझर्व्ह बँक कुणाचेही वैयक्तिक पैसे शोधून देण्याचे काम करत नाही.

असा फोन आला आणि पैसे भरले गेले, तर तो नवा गुन्हा. त्यासाठी १९३० ला पुन्हा फोन, आणि हा व्यवहार सगळ्यात ताजा म्हणून सगळ्यात आधी. भरले नसतील, तर तो क्रमांक दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर 'चक्षू' या सुविधेत कळवायचा. मार्च २०२४ पासून ती सुरू आहे. फोन कोणत्या तारखेला, किती वाजता आला आणि बोलणाऱ्याने स्वतःला कोण म्हणवले, एवढे भरले की काम झाले.